तुम्ही विचारलंत म्हणून: तो शेवट आनंदाचा आहे का?

मी सोव्हिएत संगीतकार शोस्टाकोविच ऐकतो हे कळलं की, विशेषतः आपलं शास्त्रीय ऐकणारी मंडळी, हमखास विचारतात, त्याच्या पाचव्या सिंफनीचा, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या रचनेचा, शेवट खरा आनंदाचा आहे की नुसता देखावा?

आधी तो काळ बघा. जानेवारी १९३६ मध्ये स्टालिन त्याचा ऑपेरा बघायला गेला, शेवटपर्यंत थांबला नाही, आणि दोनच दिवसांत 'प्राव्दा'त, म्हणजे पक्षाच्याच वर्तमानपत्रात, त्या ऑपेरावर निनावी लेख आला, संगीताऐवजी गोंधळ म्हणून. झालं, माणूस रातोरात नकोसा. चौथ्या सिंफनीच्या तालमी चालू असताना ती मागे घ्यावी लागली, ती थेट १९६१ साली वाजली. त्याला सांभाळून घेणारा मार्शल तुखाचेव्स्की जून १९३७ मध्ये गोळी घालून मारला गेला. अशात पाचवी आली, २१ नोव्हेंबर १९३७, लेनिनग्राड, कंडक्टर म्राविन्स्की, आणि शोस्टाकोविच फक्त ३१ वर्षांचा!

तिसऱ्या मूव्हमेंटला, म्हणजे लार्गो या संथ भागाला, ट्रम्पेट-हॉर्न सगळे गप्प बसलेले असतात, व्हायोलिनचेच तीन गट केलेत, आणि पहिल्या प्रयोगाला इथे लोक उघड रडत होते. त्या शहरात घरोघरी कोणी ना कोणी स्टालिनच्या पोलिसांनी उचलून नेलेलं, रडायला जागा कुठे होती?

आणि मग तो शेवट. डी मेजर स्वरपट्टी, पितळी वाद्यांचा दणका, आणि वर व्हायोलिन एकच सूर घासतायत, ए, ए, ए, थांबतच नाहीत. डीला सा धरा, ए म्हणजे आपला पंचमच की! तंबोऱ्यात तोच पंचम कसा निवांत वाटतो, तासभर ऐका, त्रास नाही. इथे तोच सूर कोणीतरी डोक्यावर हातोडी मारल्यासारखा येतो, म्हण आनंद झाला, म्हण आनंद झाला.

पण हे सगळं लयीवर आहे हो. कंडक्टर रोस्ट्रोपोविच संथ घेतो तेव्हा ती हातोडी स्पष्ट ऐकू येते आणि मी म्हणतो, देखावाच, शंकाच नको. दुसरा कंडक्टर बर्नस्टाईन, त्याचं १९५९ चं रेकॉर्डिंग लावलं की तो असला सुसाट पळतो की मला खरंच आनंद होतो, आणि नंतर स्वतःचाच राग येतो.