पावसाळ्यात शटर बंद

मृग लागला की आमच्या घरात एक वाद ठरलेला. गॅरेजचं शटर उघडं ठेवायचं की बंद? सासरे म्हणतात उघड, मी म्हणते बंद. त्यांनी उभी हयात फाउंड्रीत फिटर म्हणून काढली, त्यामुळे लोखंडातलं हिला काय कळतंय असा एक सूर त्या वादात असतोच. "अगं, वारं खेळू दे की. कोंडून ठेवलीस तर सगळं गंजून जाईल बघ." ऐकणाऱ्या कुणालाही हे पटतं. समोरच्या वैनींना पटतं, दूधवाल्याला पटतं, माझ्या नवऱ्यालाही पटतं. खरं बेळगावच्या पावसाळ्यात हे साफ उलटं आहे.

आमचं घर तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे. खाली गाडीसाठी जागा सोडलेली, तिथे गाडी कधी राहिलीच नाही. आता तिथे एक कामाचं टेबल, त्यावर सासऱ्यांचा जुना वाइस, म्हणजे जिन्नस घट्ट धरायचा शिकंजा, बेंच ग्राइंडर, एक उभं ड्रिल मशीन, छोटा कंप्रेसर, वेल्डिंगचा डबा आणि भिंतीला पाने, कानशी, करवती. मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. आठवडाभर कास्टिंगची, म्हणजे ओतीव लोखंडी भागांची, बिलं करते, कास्टिंगला हात लागत नाही. रविवारी लागतो. मंगळसूत्र आणि बांगड्या देवघरातल्या वाटीत, ओढणी खुंटीला, केस बांधून टोपीत, आणि मग खाली. फिरणाऱ्या यंत्रापुढे लोंबणारं काहीही नको, हातमोजेसुद्धा नकोत, ड्रिलमध्ये मोजा अडकला तर बोटासकट जातो. सासूबाईंना सुरुवातीला वाटीचा प्रकार खटकला होता. आता त्याच आठवण करतात.

तर शटर. पाऊस धो धो पडत असतो तेव्हा लोखंड फारसं गंजत नाही, उघडीप पडते तेव्हा गंजतं. रात्रभर गार झालेलं लोखंड सकाळी गारच असतं, कारण वाइससारखा जाड बिडाचा ठोकळा पटकन तापत नाही. बाहेर ऊन पडतं, ओली जमीन वाफ सोडते, ती दमट गरम हवा उघड्या शटरमधून आत येते आणि फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटावा तसा त्या ठोकळ्याला घाम फुटतो. ड्रिल मशीनच्या टेबलावर बोट ओढलं की स्वच्छ रेघ उमटते. ती रेघ दिसली म्हणजे संध्याकाळपर्यंत तिथे नारिंगी ठिपके येणार. छत गळत नाही, भिंतीला ओल नाही, तरी गंज कसा, असं लोक विचारतात. पाणी हवेतूनच येतं. शहरात हे हाल, तर कणकुंबीकडे, जिथे आमच्या कितीतरी पट पाऊस कोसळतो, तिथले लोक हत्यारं कशी टिकवत असतील कुणास ठाऊक.

म्हणून उघडीप पडली की शटर खाली. लोखंड आणि बाहेरची हवा सारख्या तापमानाला आली, म्हणजे साधारण दुपारनंतर, मग उघडायला हरकत नाही. वेल्डिंग किंवा रंगाचं काम असेल तर मात्र वारा हवाच, तेव्हा गंजाचा विचार बाजूला ठेवावा लागतो. धूर फुफ्फुसात भरण्यापेक्षा वाइस गंजलेला बरा.

यातला खरा तंटा कपड्यांचा. आषाढात कपडे वाळत नाहीत, त्यामुळे घरातल्या सगळ्यांची नजर गॅरेजवर. दोरी बांधली की झालं. पिळलेली एक नऊवारी हवेत किती पाणी सोडते! दोरीभर कपडे म्हणजे हत्यारांवर बादली शिंपडल्यासारखंच. तेव्हा कपडे वरच्या व्हरांड्यात, ओल्या छत्र्या जिन्यात, पावसातून आलेली स्कूटर बाहेर पत्र्याखाली. यावर मी घरात वाईटपणा घेतला आहे आणि तो घेतलेलाच बरा.

लहान हत्यारांसाठी वेगळी सोय आहे. सासूबाईंचं जुनं लोखंडी कपाट, त्याच्या तळाशी एक पिवळा बल्ब, १५ वॅटचा, जुन्या फ्रिजमध्ये असायचा तो. एलईडी चालत नाही, त्याची ऊब फार कमी. बल्बपासून वीतभर अंतरात कापड, कागद, तेलकट चिंधी काही ठेवत नाही. कपाटातली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी जरी गरम राहिली तरी लोखंडावर दव धरत नाही. एवढंच त्यामागचं शास्त्र. त्यात पटाश्या, रंध्याची पाती, आटे पाडायचे टॅप आणि डाय, मायक्रोमीटर आणि वेल्डिंगच्या कांड्या. साध्या ६०१३ नंबरच्या कांड्या या उबेत चांगल्या राहतात. ७०१८ नंबरच्या कांड्यांना मात्र असली ऊब पुरत नाही, ओलावल्या तर त्यांना भट्टीत ३०० अंशांच्या वर भाजावं लागतं. घरच्या कामाला त्या आणूच नयेत.

एवढं करूनही गंज धरतोच. वडगावातल्या एका ओळखीच्या सुताराने त्याच्या आजोबांचा लोखंडी रंधा आणून दिला, "वैनी, बघा काय हुतंय काय" म्हणून. नुसता तांबडा गोळा. पॉलिश पेपरने घासत बसलं तर गंजाबरोबर चांगलं लोखंडही जातं आणि रंध्याचा तळ सपाट राहत नाही. याला धुण्याच्या सोड्याची बादली. प्लास्टिकची बादली, चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा सोडा, आणि जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवाला बॅटरी चार्जर. नवे चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय करंटच सोडत नाहीत, ते निरुपयोगी. चार्जरची ऋण बाजू रंध्याला, धन बाजू भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला, दोन्ही एकमेकांना न टेकता पाण्यात. चालू केलं की रंध्यावर बारीक बुडबुडे उठतात. तो हायड्रोजन असतो, म्हणून ही बादली कधीच गॅरेजमध्ये नाही, बाहेर पत्र्याखाली, आणि जवळपास ठिणगी नको. चिमटे काढायचे ते चार्जर बंद करूनच. आणि पट्टी स्टीलची नको. स्टेनलेस स्टीलमधला क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतो. चकाकतंय म्हणून घरातला मोडका स्टीलचा चमचा पट्टी म्हणून टाकणारे लोक आहेत.

संध्याकाळी रंधा काढला तेव्हा वर काळा चिखलासारखा थर होता. तो ब्रशने धुतला, आणि खाली कारखान्याचं उमटवलेलं नाव निघालं. इथे घाई करावी लागते. उघडं पडलेलं लोखंड ओलं राहिलं तर बघता बघता पुन्हा पिवळं पडतं. लगेच कोरड्या फडक्याने पुसून, उन्हात किंवा केस वाळवायच्या ड्रायरने तापवून, कोमट असतानाच मशीन ऑइल. ड्रायर कुणाचा ते विचारू नका.

वाइसचं काम सोपं आणि बहुतेक लोक तेच करत नाहीत. पूर्ण उलगडून पुढचा जबडा बाहेर ओढायचा, स्क्रू आणि आतला नट डिझेलने धुवायचा, दातांतला लोखंडी भुगा दात घासायच्या जुन्या ब्रशने काढायचा, आणि ग्रीस अगदी पातळ लावायचं. ग्रीस थापलं की त्यात भुगा रुततो आणि तोच मग कानशीसारखा आटे खात बसतो. यावर सासऱ्यांचं आणि माझं एकमत आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

ग्राइंडरबद्दल मात्र लिहायला हवं. आमचा गेल्या उन्हाळ्यात बंद केल्यावर घरघर करत थांबायला लागला. बेअरिंग गेलं होतं. प्लग काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग चाकाचे नट. उजव्या बाजूचा नट नेहमीसारखा सुटतो, डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, नाहीतर चाक फिरता फिरता नट सुटून आला असता. हे ठाऊक नसलेला माणूस डाव्या नटावर पाइप घालून जोर लावतो आणि नट आणखी आवळतो. चाकाच्या दोन्ही बाजूंचे कागदी वायसर फेकून द्यायचे नाहीत. दाब सारखा पसरावा म्हणून ते असतात.

बेअरिंगवर ६२०३ असा नंबर होता. त्यातले शेवटचे दोन आकडे म्हणजे आतल्या भोकाचा हिशेब: ०३ म्हणजे १७ मिलिमीटर, आणि ०४ पासून पुढे सरळ पाचाने गुणायचं, ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५. नंबरापुढे झेडझेड असेल तर पत्र्याचं झाकण, टूआरएस असेल तर रबराचं. ग्राइंडरजवळ धूळ उडते म्हणून मी रबराचं आणलं. बेअरिंगवाले मूळचे गोकाककडचे, माझ्याशी निम्मं कन्नड निम्मं मराठी बोलतात. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते पाहिलं होतं. आता "अक्का, यावेळी काय मोडलं?" असं विचारतात.

नवं बेअरिंग शाफ्टवर बसवताना ठोकायचं ते आतल्या रिंगवर, तेवढ्याच मापाचा पाइपचा तुकडा धरून. बाहेरच्या रिंगवर हातोडा मारला तर तो मार गोळ्यांमधून आत जातो, रिंगला बारीक खड्डे पडतात, आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. हे काम सासऱ्यांनी केलं. मी पाइप धरला. त्यांचा हात आता थरथरतो, हातोडा उचलल्यावर मात्र थरथरत नाही.

चाक परत चढवण्याआधी वाजवून बघतात. भोकात बोट घालून लोंबतं धरायचं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टकटक करायची. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर आत तडा असू शकतो, ते चाक भंगारात. चाक आणि पुढची टेकू-पट्टी यात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, जिन्नस आत ओढला जातो. पहिल्यांदा चालू करताना मिनिटभर बाजूला उभं राहायचं, समोर नाही. चष्मा तर हवाच.

हे सगळं झाल्यावर ग्राइंडरवर पहिलं काम आलं ते गल्लीतल्या विळ्यांचं. गौरी-गणपतीच्या आधी निम्म्या गल्लीच्या विळ्या आमच्याकडे असतात. पातं चाकाला जोरात दाबलं की धार निळी पडते, आणि निळी पडलेली धार मऊ झालेली असते, दोन नारळांत बसते. म्हणून टेकवायचं, उचलायचं, पाण्यात बुडवायचं, परत टेकवायचं. शेवटचा हात तेलाच्या दगडावर, हातानेच. पैसे घेत नाही, त्यामुळे उकडीचे मोदक अति होतात.

लाकडी भागांना मी काजूच्या टरफलाचं तेल लावते. चंदगडकडे काजूचे कारखाने आहेत, तिथून मिळतं. टेबलाचे पाय ऐनाचे, त्यांना वाळवीचं भय नको म्हणून. हे तेल कातडीला लागलं तर फोड येतात, इथे मोजे घालायचे.

"एवढा वेळ त्या हत्यारांनाच घालवतेस, मग बनवतेस काय?" असं माहेरचे विचारतात. एक शूरॅक बनवला आहे, एक झोपाळ्याची चौकट, देवघराचं दार. खरं सांगायचं तर बनवण्यापेक्षा मला हेच आवडतं. सासऱ्यांना विचारलं तर ते किर्लोस्करांवर जातात. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगर आणि कडब्याच्या यंत्रापर्यंत गेले, आणि १९१० मध्ये जागा सोडून कुंडलच्या माळावर जाऊन त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. "आधी दुरुस्तीच केली की त्यांनी," असं सासरे म्हणतात. सून शूरॅकपर्यंतच का पोचली, हे ते सभ्यपणाने विचारत नाहीत.

खंडेनवमीला सगळी यंत्रं बंद. पूजेत सासरे आणि मी दोघंही एका गोष्टीवर कडक आहोत: हळदीकुंकू आणि ओला झेंडू रंगवलेल्या भागावर, उघड्या लोखंडावर नाही. ड्रिलच्या टेबलावर ओलं कुंकू रात्रभर राहिलं तर त्याचा डाग पॉलिशलाही दाद देत नाही. टेबलावर आधी केळीचं पान, त्याखाली तेलाचा हात.

त्याच दिवशी मी वही काढते. हा माझा अकाउंट्सचा रोग. प्रत्येक यंत्राला एक पान: बेअरिंगचा नंबर, कार्बन ब्रशचं माप, कुठलं तेल, काय बदललं. कंप्रेसरच्या पानावर टाकीतलं पाणी सोडल्याच्या नोंदी आहेत, पावसाळ्यात दर रविवारी, चहासारखं तांबडं निघतं, आणि खाली बेल्टचा नंबर, ए-३८. ए म्हणजे बेल्टची जाडी-रुंदी, ३८ म्हणजे आतून मोजलेली लांबी, इंचांत. बेल्टच्या आतल्या बाजूला आता भेगा दिसायला लागल्यात. या शनिवारी कामावरून येताना गोकाकवाल्यांच्याकडे थांबते. जुना बेल्ट नमुना म्हणून गळ्यात घालून जायची गरज नाही, नंबर लिहून ठेवलाय.