आप्पांची काळी एक

आप्पा, माझे वडील, गेले त्याला आता दीड वर्ष होईल. पहिले चार महिने मी घरात गाणं लागू दिलं नाही. शाळेतून यायचं, कुकर लावायचा, वह्या तपासायच्या आणि रात्री अडीच वाजता टक्क डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडायचं. आप्पांच्या वेळी आमची सकाळ आकाशवाणीच्या त्या सुरुवातीच्या धूनने उजाडायची. नाझींच्या काळात मुंबईत येऊन राहिलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराने ती शिवरंजनीच्या आधाराने बांधली, हे आप्पांनी मला किती वेळा सांगितलं असेल! ते गेल्यावर मी रेडिओ माळ्यावर टाकला. तंबोरा गवसणीत घालून त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात उभा केला आणि दार ओढून घेतलं.

मैत्रिणींनी काळजीपोटी गाणी पाठवली, सगळी उत्साहाची, ठेक्याची. ती लावली की छाती आणखी जड व्हायची. जगाचं बरं चाललंय आणि मीच मागे पडलेय, असं वाटायचं. एकीने तक्ताही पाठवला, रक्तदाबाला हा राग, मधुमेहाला तो. अशा तक्त्यांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही.

शेवटी भावाने सुट्टी काढून मला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. नैराश्य आहे म्हणाले, गोळ्या सुरू केल्या आणि समुपदेशनाला जायला सांगितलं. या गोळ्यांनी मला झोप परत दिली. झोप नसती तर पुढचं काहीच झालं नसतं, म्हणून हे आधीच सांगते. गाण्याने बरं वाटतं म्हणून कुणी गोळ्या बंद करू नयेत.

समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, पूर्वी काय आवडायचं? मी म्हटलं, गाणं, पण आता सहन होत नाही. त्यांनी विचारलं, कुठलं सहन होत नाही? मग त्यांनी समजावलं की संगीतोपचारात एक जुनी पद्धत आहे. माणूस ज्या मनःस्थितीत आहे, तिला जुळणाऱ्या संगीतापासून सुरुवात करायची आणि तिथून त्याला हळूहळू, पायरी पायरीने पुढे न्यायचं. उदास माणसाला एकदम आनंदी गाणं ऐकवलं तर तो ते झिडकारतो. मला हे इतकं पटलं की बसमध्येच मी माझ्या पायऱ्या ठरवल्या.

पहिली मारवा. त्यात पंचम नाही आणि षड्जावरही फार थांबायचं नाही, त्यामुळे सूर टेकायला जागाच शोधत राहतो. माझी अवस्था तीच होती. दुसरी पूरिया कल्याण. खालच्या अंगाला मारव्याचाच कोमल रिषभ, पण वर गेलं की पंचम भेटतो. आणि तिसरी यमन, जिथे रिषभही शुद्ध होतो. तिन्ही संध्याकाळचेच राग. आप्पांनी दहावीपर्यंत मला शिकवलं होतं, ते असं कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

पहिला आठवडा फसला. मी मारव्यावरच अडकले. अंधार पडला तरी पलंगावर पडून तोच तोच आलाप पुन्हा लावायचा आणि रडायचं. बाईंनी ऐकून घेतलं आणि नियम घालून दिले. पडून ऐकायचं नाही, बसून ऐकायचं. वेळ ठरलेली, साडेसहा ते सात. एका पायरीला दहा मिनिटं, मग पुढे जायचंच, मन लागो न लागो. आणि किती बरं वाटतंय त्याचा वहीत आधी एक आकडा, नंतर एक आकडा, दहापैकी. माझ्या वहीत पहिले अकरा दिवस तीन आणि तीन असंच लिहिलेलं आहे. बाराव्या दिवशी तीन आणि चार. त्या चारवर मी पेन इतकं दाबलंय की मागच्या पानावर उमटलंय.

ऐकण्याने मी एवढी वर आले, पण तिथेच थांबले. दुसऱ्या महिन्यात बाई म्हणाल्या, आता नुसतं ऐकू नका, गुणगुणा. श्वास हळू, लांब सोडला की हृदयाचे ठोकेही शांत होतात, आणि सूर लावताना श्वास आपोआप लांब सोडावाच लागतो. मी मोबाईलवरचा तंबोरा लावून पाहिला. आवाज फाटला. आणि तो मोबाईलमधला तंबोरा किती नीटनेटका असला तरी आप्पांच्या तंबोऱ्यासारखा खोलीत घुमत नव्हता. त्या रात्री मी कोपऱ्यातली गवसणी काढली. तारा गंजल्या होत्या. छेडली तर नुसता ठक्क आवाज.

रविवारी सांगलीहून मिरजेला गेले. मिरजेचा तंबोरा म्हणजे काय, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. मुळात तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं करायला सुरुवात केली, आणि आता तर मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जाताना मीरासाहेबांच्या दर्ग्यात थोडी बसले. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब प्लेगने आजारी असताना इथे गायले आणि बरे झाले, असं मिरजेत सांगतात. खरं-खोटं मी करत बसले नाही. त्यांची कबर इथेच आहे आणि उरुसाला दरवर्षी गवई इथे गायला येतात. आप्पा मला लहानपणी आणायचे. मी मांडीवर झोपून जायचे.

दुकानातल्या चाचांनी तंबोरा आडवा घेतला, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरून अंगठा फिरवला.

"घोडीवर खाचा पडल्यात. तारा सगळ्या बदलू. चार दिवस ठेवा. पट्टी कुठली?"

"वडिलांची काळी एक होती." पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा सा कुठे धरायचा ते, पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर धरला की काळी एक.

"तुम्ही गाणार का?"

मी मान हलवली.

"मग तुमची कुठली?"

शिकत होते तेव्हा काळी चार. पण ती तिथे माझ्या तोंडातून निघेना. मी म्हटलं, आहे तीच ठेवा.

गुरुवारी घ्यायला गेले तेव्हा जवारीचं, म्हणजे घोडी घासून तारेला गुंज आणायचं, काम चालू होतं. चाचा कानस दोन-तीनदा अलगद फिरवायचे, तार बसवायचे, छेडायचे, पुन्हा उतरवायचे. मग तारेखाली सुती दोरा सरकवला, जेमतेम केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे. एका जागी आला मात्र, आणि तोवर बोथट वाजणारी तार एकदम उघडली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुंजायला लागली. मी बाकावर बसल्या बसल्या रडायला लागले. चाचांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि दुसरी तार लावायला घेतली.

काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एकचा षड्ज. लहानपणी आप्पांच्या शेजारी मी अशीच, माझ्या मध्यमाला सा म्हणून गायचे. आता पुन्हा तेच सुरू केलं. वरचा षड्ज झेपत नव्हता, म्हणून नुसता मधला सा आणि त्याखालचे सूर, खालच्या पंचमापर्यंत. रोज पहाटे वीस मिनिटं.

खरं तर त्यातली पंधरा मिनिटं तंबोरा लावण्यात जायची. खुंटी पिळायची, मग खालचा मणी कणभर सरकवायचा, जोडीच्या दोन तारा एक होईपर्यंत ऐकत राहायचं. त्या पंधरा मिनिटांत डोक्यात दुसरं काही शिरू शकत नाही. आप्पांचा दवाखान्यातला शेवटचा आठवडा नाही, मी उशिरा पोचले ते नाही, काही नाही. दोन तारांमधली ती लहर ऐकायची आणि ती कमी होत होत थांबली की थांबायचं. मला सगळ्यात जास्त आधार मिळाला तो या लावण्याचा. गायला न येणाऱ्या माणसानेही तंबोरा लावायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

वाईट दिवस येत राहिले. आप्पांच्या वर्षश्राद्धाच्या आधीचा आख्खा आठवडा वहीत दोन आणि दोन आहे. पण त्या दिवसांतही तारा जुळवल्या, गायले मात्र नाही.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे, बाहेर अजून अंधार होता, खर्जाची, सगळ्यात खालच्या सा ची, पितळी तार छेडून मी डोळे मिटून बसले होते. तारेतून गंधार यायला लागला. आप्पा त्याला स्वयंभू गंधार म्हणायचे. तो कुणी वाजवत नाही, तार नीट लागली की आपला आपण ऐकू येतो. लहानपणी ते विचारायचे, "आला का गं?" आणि मी येत नसताना हो म्हणायचे. त्या पहाटे तो खरंच आला. स्वच्छ, बराच वेळ टिकला. मी मोठ्याने "आला, आप्पा" म्हणाले. आतल्या खोलीतून आईने विचारलं, "कोण आलं गं?"

डॉक्टरांनी गोळी आता अर्धी केली आहे. रेडिओ माळ्यावरून खाली आणलाय. आप्पांचा तंबोरा त्यांच्या पट्टीतच ठेवायचा, हे मी आणि आईने ठरवलं. माझ्यासाठी चाचांकडे धाकटा, जनानी तंबोरा सांगितलाय. पंढरपूरकडचा भोपळा मी स्वतः निवडला. अजून त्यावर तबली, म्हणजे वरची लाकडी फळी, बसायची आहे. परवा फोन केला तर चाचांनी पुन्हा विचारलं, "ताई, पट्टी?"

काळी चार, मी म्हटलं.