कचरू आणि सिद्धार्थ

मी नागपुरात धंतोलीला एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. गेल्या पावसाळ्यात एका तरुण लेखकाची कादंबरी हाती आली. नायक इंदोऱ्याचा, जन्म १९३० चा, एम्प्रेस मिलमध्ये कामगार. नाव सिद्धार्थ. चौथ्या पानावरच माझी पेन्सिल थांबली.

फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, सिद्धार्थ कॉलेज तर १९४६ मध्येच निघालं होतं ना?" निघालं होतं, बाबासाहेबांनीच काढलं. पण तोवर हा नायक सोळा वर्षांचा झालेला. आमच्याकडे सिद्धार्थ, राहुल, गौतम घरोघरी आले ते १४ ऑक्टोबर १९५६ च्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर. त्याआधी वस्तीत धोंड्या, कचरू अशी नावं सर्रास असत. कधी मूल जगावं म्हणून ठेवलेली, कधी चांगलं नाव गावात खपवून घेत नसत म्हणून. दीक्षाभूमीवर जे बदललं, त्यात लेकराला हाक काय मारायची हेही होतं. नायक जन्मापासूनच सिद्धार्थ असेल, तर कादंबरीतल्या त्या दिवसाला उरतं काय? हे मी जरा आवाज चढवूनच बोलले. त्यांना पटलं. नायक कचरू झाला. १९५७ ला झालेला मुलगा राहुल होता, तो तसाच राहिला.

आमच्या ऑपरेटरभाऊंनी संगणकावर एका दमात नाव बदललं. संध्याकाळी मी दीक्षेचं प्रकरण वाचायला घेतलं. आजी नातवाला बुद्धाची गोष्ट सांगते, तिथे उमटलं होतं: राजपुत्र कचरू.

माझे हात गार पडले. उद्या फर्मा छपाईला जायचा होता.

भाऊ बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माह्या आज्याचं नाव कचरूच होतं जी. पण घरी त्या नावानं कोणी हाक नाही मारे. मिलच्या पासावरच होतं ते."

रात्री अकरापर्यंत आम्ही एकेक जागा हाताने तपासली. भाऊंचं बोलणं मी लेखकाला जसंच्या तसं कळवलं. त्यांनी छपाई आठवडाभर थांबवायला सांगितली आणि घरातले सगळे प्रसंग पुन्हा लिहिले. आता कचरू हे नाव मुकादमाच्या तोंडी आणि पगाराच्या खिडकीवर ऐकू येतं. घरात बायको आधी "ऐकलं का जी" म्हणते, आणि १९५७ नंतर "राहुलचे बाबा".