पावसाळी स्पेन: गॅलिसियाची ओळख

स्पेनमध्ये राहते म्हटलं की घरच्यांना वाटतं, बारा महिने ऊन. मी राहते त्या गॅलिसियातल्या विगो शहरात हिवाळाभर पावसाची रिपरिप असते आणि डोंगर हिरवेगार.

देशाच्या वायव्य टोकाला, पोर्तुगालच्या अगदी डोक्यावर गॅलिसिया आहे. आ कोरुन्या, लुगो, ओरेन्से आणि पोन्तेवेद्रा हे त्याचे चार प्रांत. स्पॅनिशच्या जोडीला इथली स्वतःची गॅलिशियन भाषा आहे. ती पोर्तुगीजच्या इतकी जवळची की पोर्तुगीज जाणणाऱ्या गोव्याच्या जुन्या मंडळींना बरीचशी कळावी.

गॅलिसिया समजून घ्यायचा तर आधी तिथल्या 'रिया' बघायच्या. नद्यांच्या दऱ्यांत समुद्र शिरून झालेल्या या लांबलचक खाड्या. दाभोळची खाडी पाहिलेल्या माणसाला त्या लगेच ओळखीच्या वाटतील, पाणी मात्र बर्फासारखं. उन्हाळ्यात उत्तरेकडचे वारे किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर लोटतात, मग खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं. इथल्या मासळीच्या श्रीमंतीचं मूळ त्यात आहे.

खाडीत जिकडेतिकडे निलगिरीच्या लाकडाचे चौकोनी तराफे तरंगताना दिसतात. असे 3000 हून जास्त आहेत. प्रत्येकाखाली शेकडो दोर सोडलेले, आणि दोरांवर वाढतात गोव्यात शिणाणे म्हणतात त्या जातीचे शिंपले. होडीवरची क्रेन दोर वर ओढते तेव्हा काळ्या शिंपल्यांचा जाडजूड घोस पाणी निथळत बाहेर येतो. ओहोटी लागली की गमबूट चढवून, दाताळी आणि बादल्या घेऊन बायका चिखलात उतरतात. तिसऱ्यांसारखे शिंपले उकरायचे, मापात न बसणारे तिथेच परत टाकायचे. त्यासाठी परवाना लागतो. वाकून वाकून कंबर मोडणारं हे काम बघितलं की ताटातल्या शिंपल्याची किंमत जास्त वाटत नाही.

ऑक्टोपसची गोष्ट आणखी मजेशीर. त्याची सर्वांत मोठी जत्रा समुद्रापासून दूर, ओरेन्से प्रांतातल्या ओ कार्बायिन्यो गावी ऑगस्टमध्ये भरते. जवळच्या ओसेइरा मठाकडे किनाऱ्यावरून ऑक्टोपस यायचा, तिथून ही परंपरा सुरू झाली असं सांगतात. तांब्याच्या हंड्यात उकडून, कात्रीने तुकडे करून तो लाकडी ताटलीत वाढतात. वर ऑलिव्ह तेल, जाडं मीठ, लाल मिरचीची पूड. बस्स! शाकाहारी मंडळींनी पाद्रोन गावच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या मागवाव्यात. बहुतेक गोडसर, पण एखादी चांगलीच झोंबते.

गॅलिसियाची राजधानी सान्तियागो, तिथलं कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च इथे येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. मला विचाराल तर लुगोला जा. गावाभोवतीचा दोन किलोमीटरहून लांब रोमन तट अखंड आहे आणि त्यावरून पूर्ण फेरी मारता येते. आ कोरुन्याचा हर्क्युलिस मनोराही रोमनांनी बांधलेला, आजही दीपगृह म्हणून चालू.

विगोहून सिएस बेटांवर बोट जाते. उन्हाळ्यात तिथे माणसांची संख्या मर्यादित ठेवतात, म्हणून तिकिटाआधी ऑनलाइन परवानगी काढा.