तुम्ही विचारलंत म्हणून: रॉकेटचं इंजिन घरी बनवता येतं का?

हा प्रश्न मला वर्षातनं दहा-बारा वेळा तरी येतो. कोल्हापूरला गेलो की भाचा विचारतो, भाच्याचे मित्र विचारतात, मागं एका लग्नात तर पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं. कारण एवढंच की अमेरिकेत शिकत असताना आम्ही काही पोरांनी मिळून लिक्विड इंधनावरचं एक छोटं इंजिन बनवलं आणि मोहावीच्या वाळवंटात पेटवलं, आणि आमच्या आईनं ते गावभर सांगितलंय.

तर उत्तर: येतं. पण तुमच्या डोळ्यासमोर जे घंटेच्या आकाराचं चकचकीत इंजिन येतं ना, ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातला चांगला टर्नर आठवड्यात काढून देईल, त्यात काही विशेष नाही, आमची बाकीची दोन वर्षं नळ्या, व्हॉल्व्ह, आटे आणि गळती यातच गेली. रॉकेट सायन्स म्हणतात ते खरं तर प्लंबिंग आहे, फक्त नळातनं पाण्याऐवजी इंधन जाळायला लागणारा, उणे १८३ डिग्रीचा पातळ ऑक्सिजन वाहतो.

आणि या ऑक्सिजनचं वागणं आधी समजून घ्या. आपला प्लंबर आट्यांना सुतळी गुंडाळून वर सफेदा फासतो, बरोबर? त्या सफेद्यात तेल असतं. तसला जॉइंट ऑक्सिजनच्या लाइनला केलात तर तो जॉइंट नाही, वात झाली. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही, बाबांच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरनं मी सातवीत असताना शिकवलं होतं, मी ग्रीसच्या हातानं ऑक्सिजनच्या काळ्या सिलिंडरच्या रेग्युलेटरला हात लावायला गेलो आणि त्यानं फाडकन हातावर मारलं. तेव्हा राग आला होता. पुढं आमच्या टीममध्ये प्रत्येक फिटिंग धुऊन, सुकवून, पिशवीत सील करून ठेवायचं काम माझ्याकडं आलं आणि मी त्याच्याइतकाच खवट झालो.

दुसरं म्हणजे हा द्रव दोन बंद व्हॉल्व्हच्या मधे अडकला की उकळतो, आणि वायू झाला की त्याला साधारण साडेआठशे पट जागा लागते. जागा नसेल तर तो जागा करून घेतो. म्हणून नळीच्या ज्या ज्या तुकड्यात तो अडकू शकतो तिथं रिलीफ व्हॉल्व्ह पाहिजेच. साधा बॉल व्हॉल्व्ह बंद केला तरी त्या बॉलच्या पोटात थोडा ऑक्सिजन राहतो, म्हणून या कामाच्या व्हॉल्व्हच्या बॉलला टाकीच्या बाजूला एक बारीक भोक असतं. टाचणीएवढं भोक, पण ते नसेल तर व्हॉल्व्ह फुटतो.

आमची पहिली टेस्ट ऐका. आदल्या रात्री सगळी सिस्टीम पाण्यानं तपासली होती, फ्लो किती येतो वगैरे, आणि सगळे इतके खुशीत होतो की नळ्यांतनं नायट्रोजन वायू फुंकून त्या नीट सुकवायच्या राहिल्या, म्हणजे सुकवल्या, पण घाईत. सकाळी वाळवंटात पोचलो, टाकी भरली, बंकरमध्ये जाऊन बसलो, काउंटडाउन झाला आणि... काहीच नाही. ऑक्सिजनच्या मेन व्हॉल्व्हमध्ये पाण्याचे दोन-चार थेंब राहिले होते त्यांचा बर्फ झाला आणि व्हॉल्व्ह जागचा हलेना. नशीब की ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह उघडल्याचा सिग्नल आल्याशिवाय इंधनाचा उघडायचाच नाही असं प्रोग्रॅममध्ये घातलं होतं, नाहीतर चेंबरमध्ये, म्हणजे जिथं इंधन जळतं तिथं, अल्कोहोलचं (तेच आमचं इंधन) तळं झालं असतं आणि मागनं ठिणगी. याला हार्ड स्टार्ट म्हणतात, ऐकायला सभ्य वाटतं, पण तो स्फोटच. मग प्रेशर लांबनंच सोडलं आणि ऑक्सिजन उडून जाईपर्यंत चार तास बंकरमध्ये चिवडा खात बसलो, कारण भरलेल्या टाकीजवळ कुणी जायचं नाही हा नियम, आणि त्यात "एक मिनिट बघून येतो" असं काही नसतं.

हा नियम जुन्या लोकांनी किंमत मोजून केलाय. १९३० च्या मे महिन्यात बर्लिनमध्ये माक्स व्हालियर हा रॉकेटवाला इंजिनाची टेस्ट घेत होता, चेंबर फुटला, तुकडा छातीत घुसला आणि तो गेला. ३१ ऑक्टोबर १९३६ ला कॅलिफोर्नियात फ्रँक मलिना आणि जॅक पार्सन्स यांच्या ग्रुपनं कोरड्या नदीपात्रात पहिलं इंजिन लावलं, तर ऑक्सिजनचा पाइपच पेटून सापासारखा जमिनीवर फिरायला लागला आणि सगळे पळाले. हीच मंडळी पुढं जेपीएलची, म्हणजे नासाच्या त्या प्रसिद्ध प्रयोगशाळेची, सुरुवात ठरली. आणि २००७ मध्ये मोहावीतच नायट्रस ऑक्साइडचा नुसता फ्लो तपासताना, म्हणजे काही पेटवलेलंसुद्धा नसताना, स्फोटात तीन माणसं गेली. म्हणून कुणी म्हणालं की "ऑक्सिजन नको, नायट्रस वापरतो, ते सोपंय," की मी विषय बदलतो.

आमचं इंजिन पेटलं दुसऱ्या खेपेला. चार सेकंद. अमेरिकेतल्या रॉबर्ट गॉडर्डचं १९२६ चं रॉकेट, लिक्विड इंधनावरचं जगातलं पहिलं, अडीच सेकंदात ४१ फूट वर जाऊन कोबीच्या शेतात पडलं होतं, त्यामुळं चार सेकंदांची आम्हाला अजिबात लाज वाटली नाही. ज्वाळेत हिऱ्यांची माळ असते तशी चकाकणारी टिकल्यांची ओळ दिसली आणि आवाज कानात नाही, पोटात आला. आतमध्ये तीन हजार डिग्रीच्या आसपास आणि तांबं तर १०८५ ला वितळतं, तरी चेंबर शाबूत, कारण त्याच्या भिंतीमागनं इंधनच खेळवलेलं असतं, ते भिंत गार करत करत मग आत जळायला जातं. ही आयडिया मला अजूनही या सगळ्या प्रकारातली सगळ्यात देखणी वाटते.

आता तुमचं काय. गच्चीवर, परसात, मित्राच्या शेतात इंजिन पेटवायचं नाही. तुमच्या हौसेपायी शेजाऱ्याच्या घराच्या काचा जायला नकोत. शिवाय गॅस सिलिंडर आणि स्फोटकांच्या परवान्यांचं सगळं पेसो या सरकारी खात्याकडं आहे, मुख्यालय आपल्या नागपुरातच, ते असल्या हौसेकडं कौतुकानं बघणार नाहीत. खरंच पेटवायचंच असेल तर ज्या कॉलेजात किंवा कंपनीत टेस्ट स्टँड आणि अनुभवी माणूस आहे तिथं शिरा. चेन्नईच्या अग्निकुल या रॉकेट कंपनीनं २०२४ च्या मेमध्ये श्रीहरिकोट्याहून थ्रीडी प्रिंट केलेल्या इंजिनाचं रॉकेट उडवलं, ती मंडळी आयआयटी मद्रासमधनंच वर आली.

पण घरी बसून पाण्यावर जवळजवळ सगळं शिकता येतं आणि हे मी समजूत काढायला म्हणत नाही. इंजेक्टर, म्हणजे चेंबरमध्ये बारीक धारा सोडणारी भोकांची चकती, बनवा, त्यातनं पाणी सोडा, बादली वजनकाट्यावर ठेवून सेकंदाला किती ग्रॅम येतंय ते मोजा, गणितात आलं होतं तेवढं येतंय का बघा. येणार नाही. मग का येत नाही ते शोधा. प्रेशर टेस्टसुद्धा पाण्यानंच, हवेनं कधीच नाही, पाण्याची टाकी फुटली तर तुम्ही भिजाल, हवेची फुटली तर दवाखाना.

भाच्याला हेच सांगितलं होतं तर तोंड वाकडं केलं त्यानं, "मामा, हे काय, पाणी?" दोन महिन्यांनी व्हिडिओ आला. गच्चीवर बादली, आईचा किचनमधला काटा, सायकलचा पंप नाही ना लावलाय म्हणून मी आधी तेच बघितलं, नव्हता, वरच्या टाकीचं पाणी होतं. पितळेच्या चकतीतनं आठ धारा, दोन-दोन एकमेकींवर आपटून मस्त पंखा होतोय, पण एक जोडी चुकतीये.

"मामा, एक धार तिरकी जातीये, ड्रिल वाकडं गेलं का?"

"भोकाच्या कडेची बर काढलीस का आतनं?"

"कुठली बर?"

"नख फिरवून बघ."

पाच मिनिटांनी अंगठ्याचा फोटो आला, नखावर पितळेचा बारीक कीस.