आमच्याकडे एकही प्रकरण नाही, मग देखरेख कशाची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षणात येतो. सगळ्यांसमोर सहसा कुणी विचारत नाही, चहाच्या सुट्टीत संस्थेचे अध्यक्ष नाहीतर सचिव बाजूला येतात आणि म्हणतात, "ताई, आमच्या गावांत बालविवाहाचं, छळाचं एकही प्रकरण नाही. रजिस्टर कोरं आहे. मग ही देखरेख करायची तरी कशाची?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. वर्षानुवर्षं त्या गावांत राबलेला माणूस असतो तो. रिपोर्टच्या रकान्यात ० लिहिताना त्याला खरंच समाधान वाटत असतं.

लहान संस्थांनी आपल्या कामावर स्वतःच नजर कशी ठेवायची, हे शिकवणं माझं काम. बचतगट, पाणी, शाळाबाह्य मुलं, बालसंरक्षण असे त्यांचे प्रकल्प असतात, आणि माझी फिरती जास्त करून बीड, जालना, परभणीकडे. बाकी कुठल्याही प्रकल्पात शून्य दिसलं तर मी पान उलटते. बालसंरक्षणाच्या रकान्यात दिसलं की थांबते.

थोडा हिशोब करून बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आधीच्या फेरीत हा आकडा २६.३ होता, म्हणजे कमी झालाय, पण अजून पाचातली एक. ही राज्याची सरासरी. बीड, परभणी तिच्या बऱ्याच वर आहेत. अशा जिल्ह्यात पंधरा गावांचा प्रकल्प आणि तीन वर्षांत प्रकरणं शून्य, हे होऊच शकत नाही असं मी म्हणत नाही. पण ते का झालं हे सांगता आलं पाहिजे. काही घडलंच नाही, की घडलं पण कुणी बोललं नाही, की बोललं पण लिहिलं नाही? कोऱ्या रजिस्टरात हे तिन्ही अगदी सारखेच दिसतात.

आणि न बोलण्याची कारणं गावात पैशाला पासरी आहेत. कायद्याने ग्रामसेवक हा गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, अंगणवाडीताईने त्याला मदत करायची आहे. आपली कार्यकर्तीही बहुतेक त्याच गावची सून असते. जिच्या घरी हळद लागणार ती हिच्या भावकीतली. २००६च्या कायद्यात लग्न लावणाऱ्याला आणि ते होऊ देणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, हे आता गावाला पाठ झालंय. म्हणून पत्रिका छापत नाहीत, मांडव घालत नाहीत, मामाच्या गावी किंवा एखाद्या देवस्थानात पहाटे उरकून येतात. अशा वेळी नाव सांगून कार्यकर्तीने कुणाशी वैर घ्यावं अशी आपली अपेक्षा असेल, तर तिच्या पाठीशी संस्था कशी उभी राहणार हे आधी ठरलेलं हवं. ते ठरलेलं नसतं. फॉर्म मात्र तीन रंगांत छापलेले असतात.

मग येतो ऊसतोडीचा हंगाम. दिवाळी झाली की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळतात ते जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुलगी मागे ठेवायची तर कुणाच्या भरवशावर, आणि लग्न लावून दिलं तर एक नवा कोयता उभा राहतो. बालविवाहाचं हे गणित तिथल्या कुठल्याही कार्यकर्तीला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तरी संस्थेची बेसलाइन पाहणी, म्हणजे काम सुरू करतानाची मोजणी, होते कधी? निधी मंजूर झाला की. तो बऱ्याचदा नेमका नोव्हेंबर-डिसेंबरात येतो. कार्यकर्ती घरोघर जाते, अर्ध्या दारांना कुलूप. फॉर्मवर ती प्रामाणिकपणे "घर बंद" असं लिहिते आणि पुढे जाते. ऑफिसात "घर बंद" वाले फॉर्म बाजूला काढून उरलेल्यांची टक्केवारी काढतात. जी घरं मोजायला हवी होती तीच बाहेर राहिली, आणि गाव कागदावर सुरक्षित झालं.

म्हणून पहिल्या दिवशी मी फॉर्म काढतच नाही. लोकांना त्यांचीच जुनी रजिस्टरं आणायला सांगते आणि ती एकमेकांत बदलून वाचायला देते. यात जी मजा येते ती कुठल्याही स्लाइडमध्ये नाही. जनजागृती सभेची उपस्थिती पन्नास, पन्नास, साठ, पन्नास. गाव बाल संरक्षण समितीच्या चार बैठका, चार वेगळ्या तारखा, सह्या मात्र एकाच पेनाच्या आणि एकाच दमात केलेल्या. समितीतली शाळकरी मुलं दोन वर्षं आठवीतच. लोक आधी हसतात, मग आपलं रजिस्टर दुसऱ्याच्या हातात आहे हे आठवून गप्प होतात. कुणावर ठपका ठेवायचा नसतो. रिपोर्ट कुणी वाचत नाही अशी खात्री झाली की माणूस असंच लिहितो. मीही लिहीन.

त्यानंतर प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारायचा: इथे ० आलं तर तुम्ही पुढच्या महिन्यात काय कराल, आणि ५ आले तर काय वेगळं कराल? उत्तर सारखंच असेल तर रकाना कापा. सभा किती, पत्रकं किती, रॅल्या किती हे सगळं इथे गळून पडतं. निदान पडायला हवं. उरतात त्या साध्या गोष्टी. आठवी ते दहावीच्या मुलींची नावानिशी यादी, आणि त्यातली कोण सलग पंधरा दिवस शाळेत दिसलेली नाही. कुणाचा दाखला न काढताच ती "मामाकडे शिकायला" गेली. दिवाळीत टोळीबरोबर गेलेल्यांपैकी गुढीपाडव्यानंतरही कोण परतलं नाही. यात "तुमच्या घरात बालविवाह झाला का?" असा बावळट प्रश्न कुणाच्या दारात जाऊन विचारावा लागत नाही. यादीच बोलते.

हे आपल्या दहावी-बारावी शिकलेल्या कार्यकर्त्यांना जमेल का, अशी शंका नेहमी निघते, आणि तिचा मला राग येतो. याच महाराष्ट्रात डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने १३ स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव बालमृत्यू मोजले, २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला, आणि सरकारी नोंदींत न आलेले किती तरी मृत्यू समोर आले. ते मोजणारे गावपातळीवरचेच कार्यकर्ते होते. २००५ पासून मुलांना किती वाचता येतं हे तपासणारी 'असर'ची पाहणी जिल्ह्याजिल्ह्यातल्या स्थानिक संस्थांचे स्वयंसेवक करत आलेत. मुलाच्या हातात एक कागद द्यायचा, अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट, बघायचं कुठवर वाचतो. हत्यार साधं ठेवलं आणि फेरतपासणी चोख केली तर मोजणीला पदवी लागत नाही.

बालसंरक्षणात मात्र एक गोष्ट पाण्याच्या किंवा बचतगटाच्या प्रकल्पासारखी नाही, आणि प्रशिक्षणाचा सगळ्यात जास्त वेळ मी तिच्यावर घालवते: काय लिहायचं नाही. कार्यकर्ती तपास अधिकारी नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली की फॉर्म घेऊन मुलाला प्रश्न विचारत बसायचं नाही. ते जेवढं आपणहून सांगेल तेवढं ऐकायचं, आणि पुढे कळवायचं. २०१२च्या पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याचं १९वं कलम कळवणं बंधनकारक करतं. न कळवणाऱ्याला २१व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "आधी आमच्या कार्यकारिणीत ठेवू" याला कायद्यात जागा नाही. पोलीस, मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन, बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, हे नंबर मी पाठ करून घेते, भिंतीवर लावून नाही. लावलेला कागद दोन महिन्यांत कॅलेंडरखाली जातो.

आणि ओळख. बाल न्याय कायद्याचं ७४वं कलम मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. नाव बदललं की काम झालं अशी समजूत सर्रास आहे. "सुनीता (नाव बदललेलं आहे), वडील गावातले एकमेव शिंपी, आई गेल्या वर्षी वारली" हे वाचून गावातलं शेंबडं पोरही सांगेल कोण ती. रजिस्टरात फक्त सांकेतिक क्रमांक, नाव वेगळ्या वहीत, वही कुलपात, किल्ली दोघांकडेच. संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो नाही, "अभिनंदन टीम" नाही. देणगीदार फोटोसह यशोगाथा मागतात तेव्हा नाही म्हणायचं. हे वाक्य उच्चारायचा मी सराव करून घेते, कारण इंग्रजी बोलणाऱ्या साहेबासमोर भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते.

साहेबांचाच विषय निघालाय तर. कंपनी कायद्यात सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातला काही भाग समाजकामावर खर्च करणं, आला तो २०१४ पासून. २०२१ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना एक कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं बाहेरच्या संस्थेकडून परिणाम-मूल्यांकन सक्तीचं केलं. तेव्हापासून आकड्यांची भूक फार वाढली. एका संस्थेत नीट नोंदी सुरू झाल्या आणि शून्याच्या जागी दर तिमाहीला प्रकरणं दिसायला लागली. कंपनीच्या अधिकाऱ्याने विचारलं, "तुमच्या कामामुळे बालविवाह वाढले का?" संस्थेचे सचिव त्या रात्री मला फोनवर म्हणाले, "ताई, आधीचंच बरं होतं." मला त्यांचं चुकीचं वाटलं नाही, पगार त्या निधीतून होत होते.

त्यावर आम्ही एक आकडा फोडून चार केले. खबर किती आल्या, त्यातल्या लग्नाआधी किती, थांबलं किती, आणि थांबलेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती मुली अजून घरी आणि शाळेत आहेत. पहिला आकडा वाढणं म्हणजे गाव बोलायला लागलं. खबर लग्नाच्या आधी येऊ लागली म्हणजे विश्वास बसला. पण खरी मेख चौथ्यात आहे. मांडवात पोलीस आले, आई-बापाने हमीपत्र लिहून दिलं, फोटो निघाला, "बालविवाह रोखला" म्हणून पेपरात आलं, आणि महिन्याभराने तेच लग्न शेजारच्या तालुक्यात लागलं. असे किती, हे आजवर कुणी फॉर्ममध्ये विचारलेलंच नव्हतं. तो रकाना घातल्यावर कार्यकर्तीच्या कामाचा रोख बदलला. लग्न थांबलं त्या दिवशी फाइल बंद व्हायची, ती आता त्या दिवशी उघडते: मुलीला हंगामी वसतिगृहात जागा मिळेल का, सायकलचं काय, घरात आजी राहते का.

कंपनीच्या अधिकाऱ्याला हे चार आकडे समोर ठेवून समजावलं तेव्हा त्याला पटलं. सगळ्यांना पटतं असं नाही. काहींना सादरीकरणात एकच मोठा आकडा लागतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. तुमचं शून्य खरंच खरं असेल तर? असू शकतं, आणि मला आनंदच होईल. फक्त ते नुसतं ० असं लिहू नका. समजा यादीत ६४ मुली असतील, तर लिहा: ० प्रकरणं, ६४ पैकी ६१ मुली प्रत्यक्ष भेटल्या, एकीचा दाखला दुसऱ्या शाळेत गेल्याची खात्री केली, दोघी कुठे आहेत ते कळलेलं नाही. आणि पुढच्या महिन्याच्या कामात पहिल्या ओळीत त्या दोघींचे क्रमांक घाला.