जीआरईतलं घनफळ: यार्ड, गॅलन आणि आपला ब्रास

परदेशात पदव्युत्तर शिक्षणाला जाण्यासाठी द्यायच्या जीआरई परीक्षेतल्या क्वांटची, म्हणजे गणिताच्या भागाची, इंजिनिअरिंगच्या मुलांना सहसा धास्ती नसते. कॅल्क्युलस नाही, त्रिकोणमिती नाही, सगळं गणित शाळेत होऊन गेलेलं. घोडं अडतं ते वेळेपाशी. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा आखूड झाली. आता सगळं मिळून 1 तास 58 मिनिटं, त्यात क्वांटचे दोन भाग: पहिल्यात 12 प्रश्नांना 21 मिनिटं, दुसऱ्यात 15 प्रश्नांना 26. प्रश्नामागे पावणेदोन मिनिटंच येतात. तेवढ्यात समोर एखादी टाकी येते, तिची लांबी फुटांत, खोली इंचांत, पाणी गॅलनमध्ये आणि उत्तर तासांत. सराव करताना माझा सगळ्यात जास्त वेळ अशाच प्रश्नांनी खाल्ला, म्हणून त्यांच्यापुरतंच लिहितोय. प्रत्यक्ष पेपरातले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असं परीक्षेआधी आपल्याकडून कबूल करून घेतात, त्यामुळे खालची उदाहरणं माझी स्वतःची आहेत.

सूत्रं फार लागत नाहीत. परीक्षा घेणाऱ्या ईटीएसची गणिताची उजळणी-पुस्तिका फुकट मिळते. घनाकृतींपैकी तपशिलात घेतल्यात त्या दोनच, इष्टिकाचिती आणि वृत्तचिती. शंकू आणि गोल नुसते नावापुरते येतात. परीक्षेत सूत्रांचा तक्ता मात्र मिळत नाही, तेव्हा ही दोन झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवीत.

खरी मेख एककांत असते. समजा, 27 फूट लांब, 12 फूट रुंद आणि 4 इंच जाड काँक्रीटचा थर टाकायचाय. किती घन यार्ड काँक्रीट लागेल? सरळ वाट अशी: 4 इंच म्हणजे एक तृतीयांश फूट, 27 गुणिले 12 गुणिले एक तृतीयांश, 108 घनफूट. आता यार्डात 3 फूट, म्हणून 108 भागिले 3, उत्तर 36. पर्यायांत 36 तुमची वाट बघत बसलेलाच असतो. पण घन यार्डात घनफूट 27 असतात, त्यामुळे खरं उत्तर 4.

या सापळ्यावर मला लागू पडलेला उतारा म्हणजे एकक आधी बदलायचं, गुणाकार मागाहून. 27 फूट म्हणजे 9 यार्ड, 12 फूट म्हणजे 4 यार्ड, 4 इंच म्हणजे यार्डाचा नववा भाग. 9 गुणिले 4 गुणिले एक नवमांश. नऊ कटले, उरले 4. घन करायचा राहून जाण्याची भानगडच उरत नाही. लांबी लांबी असतानाच बदलली की आकडेही लहान राहतात.

आमचे बाबा बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहेत. मी जेवताना त्यांना सहज विचारलं, "बाबा, सत्तावीस बाय बारा, चार इंची कोबा. किती माल?"

ते घास न थांबवता म्हणाले, "एक ब्रासच्या थोडा वर. तू सव्वा धर, सांडतंच."

ब्रास म्हणजे 100 घनफूट, त्यामुळे 108 ला त्यांचं उत्तर चोख होतं. (पेपरात सांडलवंडीचा पर्याय नसतो, एवढंच.) फुटा-इंचांना उगाच बिचकतात त्यांना मी हेच सांगतो. फ्लॅट आपण चौरस फुटांत घेतो, वाळू-खडी ब्रासने मागवतो, धरणाचं पाणी टीएमसीत मोजतो. नवखं आहे ते यार्ड आणि गॅलन. त्यातही गॅलनसारख्या एककाचं नातं सरावाच्या प्रश्नांत बहुतेकदा दिलेलंच असायचं.

टाकीचा प्रश्न घ्या. हौद 20 फूट बाय 12 फूट, खोली 4 फूट 6 इंच. नळातून मिनिटाला 30 गॅलन पाणी पडतं आणि 1 घनफुटात 7.5 गॅलन मावतं असं धरा. घनफळ 20 गुणिले 12 गुणिले 4.5, म्हणजे 1080 घनफूट. गॅलन 8100. भागिले 30, 270 मिनिटं, साडेचार तास. 4 फूट 6 इंचाचं 4.6 करणारे कमी नसतात, तिथे एक क्षण थांबावं. 7.5 ने गुणायचं की भागायचं हा घोळ मात्र एकक लिहून मोडता येतो. कच्च्या कागदावर प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं एकक लिहायचं आणि वर-खाली एकसारखं दिसलं की काट मारायची. घनफूट घनफुटाने कटलं, गॅलन गॅलनने कटलं, शेवटी मिनिटं उरली तर मांडणी बरोबर. बारावीच्या फिजिक्सला सर कानीकपाळी ओरडून हेच सांगायचे.

खोक्यांचा प्रकार याहून चावट. 1 फूट बाय 1 फूट बाय 9 इंच खोक्यात 2 इंची ठोकळे न फोडता किती बसतील? घनफळाला घनफळाने भागलं तर 162 येतात. पण 9 इंच उंचीत 2 इंची ठोकळ्यांचे चारच थर बसतात, वरचा इंच रिकामा जातो. 6 गुणिले 6 गुणिले 4, म्हणजे 144. ठोकळे, डबे, विटा असं काही आलं की आधी प्रत्येक बाजूला किती मावतात ते मोजायचं.

तुलनेच्या प्रश्नांत तर पुष्कळदा आकडेमोड लागतही नाही. एका वृत्तचितीचा व्यास 6 फूट, उंची 8. दुसरीचा व्यास 8, उंची 6. पाय (π) तसाच ठेवला की 72 पाय आणि 96 पाय, दुसरी मोठी. इथे 3.14 ने गुणत बसणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय.

स्क्रीनवर कॅल्क्युलेटर असतो, पण साधा: चार क्रिया, वर्गमूळ, कंस, मेमरी. पायचं बटण नाही आणि आठ अंकांपलीकडे उत्तर गेलं की एरर. त्यामुळे दहाचे घात हाताने सांभाळायची सवय लागते. ती मला पावसाळ्यातल्या बातम्यांनी लावली. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. धरणातून 10,000 क्युसेकचा विसर्ग चालू असेल तर एक टीएमसी पाणी जायला किती वेळ? दहाचा नववा घात भागिले चौथा, पाचवा घात सेकंद, म्हणजे जवळजवळ 28 तास. खडकवासल्याचा साठाच दोन टीएमसीच्या आतबाहेरचा, त्यामुळे आकडे डोळ्यांसमोर उभे राहायचे. पेपर वाचता वाचता होणारा असा सराव क्लासच्या जाडजूड पुस्तकापेक्षा मला जास्त मानवला.

परीक्षेच्या दिवशी ओळखपत्र म्हणून भारतात पासपोर्टच चालतो, आधार नाही. घड्याळ बाहेर ठेवावं लागतं, वेळ स्क्रीनवर दिसते. सुरुवातीला निबंध, मग बाकीचे भाग कुठल्याही क्रमाने. प्रश्नावर खूण करून त्याच भागात पुन्हा त्याच्याकडे येता येतं. मी लांबलचक टाकी-नळाचे प्रश्न खूण करून मागे ठेवायचं ठरवूनच गेलो होतो, कारण दोन ओळींच्या प्रश्नालाही गुण तितकाच असतो. जिथे पर्याय नसतात आणि चौकटीत आकडा भरायचा असतो, तिथे उत्तर कशात मागितलंय ते टाइप करण्याआधी पुन्हा वाचायचं. मिनिटं काढली आणि तास मागितले असतील तर तिथे सावरून घ्यायला पर्यायही नसतात.

शेवटी क्वांट आणि व्हर्बल (इंग्रजी भाषेचा भाग) यांचे अनधिकृत गुण स्क्रीनवर लगेच दिसतात. क्वांटला 167 आले. घरी सांगितल्यावर बाबांनी विचारलं, "कितीपैकी?" म्हटलं, "170. पण सुरुवातच 130 पासून होते." ते म्हणाले, "मग सदतीस म्हण की."